नवतपातली सोबत

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या भद्रावतीत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. घराघरांतले कूलर गुरगुरायला लागतात, त्यांच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा गवताळ वास ओसरीपर्यंत येतो, आणि बाहेर डांबर इतकं मऊ होतं की चालताना चप्पल क्षणभर मागे धरून ठेवतं. टेंभरं आणि चारं ही रानफळं विकणाऱ्या बायका उन्हाच्या आत टोपल्या रिकाम्या करून जंगलाकडच्या गाडीत बसलेल्या असतात. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. पोरीबाळी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टा बांधतात, आणि सख्खी भाची समोरून गेली तरी ओळखू येत नाही.

जुनी माणसं मात्र या उन्हावर खूश असतात. नवतपा चांगला तपला की पाऊस चांगला, असं इकडे मानतात. मधेच आभाळ येऊन चार थेंब पडले तर "नवतपा गळला" म्हणून हळहळतात. ज्या उन्हानं जीव नकोसा होतो, ते उणं पडू नये म्हणून आम्हीच काळजी करतो.

मी आयुष्यभर कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवला. आता निवृत्त आहे. दुपारी जेवून पडलो की कूलरचा आवाज हळूहळू इंजिनासारखा वाटायला लागतो, अंगाखाली खाट थोडी थरथरल्याचा भास होतो आणि मला नेहमी एकच उन्हाळा आठवतो. सुलोचना झाडे माझ्या डंपरवर शिकायला आली, तो.

उघडी खाण ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. जमिनीत एक प्रचंड खड्डा, त्याला पायऱ्यापायऱ्यांचे काठ, आणि सगळ्यात खाली काळाभोर तळ. वरून पाहिलं तर खालचे साठ टनी डंपर पोरांच्या खेळण्यांएवढे दिसतात. जवळ गेलं की त्यांचं एक चाक माणसापेक्षा उंच असतं आणि कॅबिनमध्ये जायला शिडी चढावी लागते. काढलेली माती खाणीच्या कडेला टाकून टाकून टेकड्या होतात. त्या टेकड्यांवर बाभळी उगवतात, रानडुकरं येतात, त्यांच्या मागे वाघही येतो. पहाटपाळीला कधी कधी धुळीच्या रस्त्यावर ताजे पंजे उमटलेले असायचे, वाटीएवढे, शांतपणे एका कडेनं गेलेले. आम्ही गाड्या थांबवून ते पाहायचो आणि मग त्यांच्यावरूनच पहिली खेप जायची.

सुलोचना खाणीत आली ती जमिनीच्या बदल्यात. तिच्या वडलांचं वावर खाणीत गेलं. कापूस व्हायचा त्यात, कडेला तुरीच्या ओळी. जमिनीमागे घरातल्या एकाला नोकरी, असा करार होता. झाडेबुवांना मुलगा नव्हता. भावकीतल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पुतण्याचं नाव जाईल. बुवांनी पोरीचं नाव दिलं. त्यावरून भावानं बोलणं सोडलं, ते सोडलंच. ती बारावी शिकलेली, अंगानं काटक, बोलायला मोजकी. ऑफिसात तिला फायली इकडून तिकडे नेणं आणि साहेबांना चहा-पाणी देणं हे काम मिळालं. वर्षभर तिनं ते केलं. मग एक दिवस तिनं साहेबांना सांगितलं की मला डंपर शिकायचा आहे.

त्या आधी आमच्या खाणीत कोणी बाई डंपरवर बसली नव्हती. साहेबांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून त्यांनी हो म्हटलं आणि शिकवायचं काम ऑपरेटरांवर सोडलं. एकेकानं अंग काढून घेतलं. खुशाल म्हणून आमचा एक जण होता, हात सोन्याचा आणि जीभ कात्रीसारखी. तो हाजरीच्या खिडकीपाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "कॅबिनमंदी बाई बसून असली तर मानसाचं ध्यान रस्त्यावर राह्यते काय? उद्या काही झालं तं नाव आपलंच निघन." बाकीचे हसले. ती तिथेच उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी का हो म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा तिनं मान खाली घातली नाही म्हणूनच.

पहिले काही दिवस ती नुसती शेजारच्या सीटवर बसून पाहत असे. मी तिला "झाडेबाई, हे पाहा, तुम्ही असं करा" असं सांगायचो. एका दुपारी तिनं मधेच थांबवलं.

"भाऊ, मले तू म्हणा."

"काऊन?"

"तुम्ही म्हटलं की साहेब चहा मागून राह्यले असं वाटते."

त्या दिवसापासून तू. मी मात्र भाऊच राहिलो. आमच्याकडे भाऊ म्हणायला नातं लागत नाही, केस पिकले की पुरे.

शिकण्यात ती घाई करत नसे. पाळी सुरू व्हायच्या आधी गाडीभोवती फिरून चाकं, तेल, ब्रेक, हॉर्न पाहायचं हे मी तिला एकदा सांगितलं. त्यानंतर मला ते कधी करावं लागलं नाही. रिकामी गाडी खाली नेणं तिला लवकर जमलं. सपाटीवर ती सहज चालवायची. भरलेली गाडी चढावरून मीच वर आणायचो, मग ती बसायची. अडायची एका ठिकाणी. मातीच्या टेकडीवर गेलं की डंपर उलटा घेत घेत कड्यापर्यंत न्यावा लागतो. तिथे कमरेएवढा मातीचा बांध असतो, मागची चाकं त्याला टेकली की थांबायचं आणि मागचा मालाचा हौदा उचलायचा. बांधापलीकडे खोल उतार. मागचं काही दिसत नाही, दिसतो तो आरशातला एक तुकडा. तिथे ती बिचकायची. बांधापासून चांगली दूर ती गाडी थांबवायची आणि माती भलतीकडेच पडायची. खुशालची गाडी बाजूनं जाताना तो हात बाहेर काढून "अजून मागं, अजून मागं" असा इशारा करायचा, चेष्टेनं.

मला वाटलं भीती खोल उताराची असेल. एका सकाळी माल भरणाऱ्या शॉवेलपाशी रांगेत उभे असताना ती स्वतःहून बोलली. समोर काठाच्या पायऱ्या दिसत होत्या, वरची पिवळी माती, मग करडी, मग काळी.

"ते वरचं पिवळं दिसते ना भाऊ, त्याच्यावर कुठीतरी आमचं वावर होतं. आता तं नुसती हवा आहे तिथी."

मी विचारलं, "वाईट वाटत असन."

"वाटते ना." रांग पुढे सरकल्यावर, "टेकडीवर गाडी मागं घेतो तेव्हा वाटते, हे आमच्याच वावरातले माती-दगड असन. आपणच आपलं वावर नेऊन लोटून राह्यलो. बाबाले सांगितलं मी. बाबा म्हणे, वावर तं गेलंच आहे. तू तरी त्याच्या मागं जा, पाह्य कुठवर गेलं ते."

 त्या दिवशी टेकडीवर मी तिला गाडीतून उतरवलं आणि चालत बांधापर्यंत नेलं. आम्ही दोघं तिथे उभे राहून खाली पाहत होतो. उतारावर कोवळ्या बाभळी होत्या, कुठलंसं पिवळं फूल होतं, एक तितर बसून होता. ती म्हणाली, "इथी तूर बी उगवन." त्यानंतर बांधापर्यंतचं अंतर रोज थोडं थोडं कमी होत गेलं.

एकत्र काम करताना माणूस दुसऱ्याला ज्या रीतीनं ओळखतो, ती घरातल्या ओळखीहून वेगळी असते. तिला रिकाम्या खेपेला गुणगुणायची सवय होती, भरलेल्या खेपेला ती गप्प असायची. भाकरीबरोबर ती मिरचीचा ठेचा आणायची आणि मला देताना "जपून" म्हणायची. मला ॲसिडिटी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी चिडलो की डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर वाजवतो हे मला तिच्याकडून कळलं. मंदाला, माझ्या बायकोला, इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं, घरी स्टिअरिंग नसतं.

ऊन वाढत गेलं तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती पाणी पीत नसे. बाटली आणायची, पण संध्याकाळी ती तशीच भरलेली परत जायची. मी एकदोनदा टोकलं. तिनं "पितो ना" म्हणून टाळलं. एका दुपारी ती कॅबिनची शिडी उतरताना मधल्याच पायरीवर बसली. ओठ पांढरे पडलेले. मी रागावलो, उन्हात पाणी पीत नाही म्हणजे काय, मरायचं आहे का, असं बरंच बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि मग खाली बघत सांगितलं.

"भाऊ, पाणी पेल्यावर जाचं कुठी?"

खाणीत बाईसाठी संडास नव्हता. पुरुषांना कुठलाही आडोसा चालतो. वरच्या ऑफिसात एक होता, पण तिथवर जायला एक पूर्ण खेप मोडावी लागे, आणि खेप मोडली की "बाई असल्यानं गाडी उभी राहते" असं म्हणायला लोक तयारच होते. म्हणून ती पाळी सुरू होण्याआधीपासूनच पाणी बंद करत होती. इतके दिवस मी तिच्या शेजारी बसून होतो. मला ते सुचलं नव्हतं.

मी साहेबांकडे अर्ज केला. साहेबांनी "बघू" म्हटलं.

त्याच सुमारास मंदानं घरी अबोला धरला. मला आधी कळलंच नाही. ताट समोर यायचं, आमटी वाढली जायची, शब्द नसायचा. दुसऱ्या रात्रीच्या जेवणाला तिनं विचारलं, "ती पोट्टी डब्यात काय आणते?"

"भाकर आणते. काऊन?"

"चक्कीवर बायका सांगून राह्यल्या. दिवसभर एका कॅबिनमंदी दोघंच राह्यता म्हणे."

तिच्या आवाजात राग कमी होता, दुखणं जास्त. पिठाच्या चक्कीवर, दळण होईपर्यंत, दहा जणींसमोर तिला ते ऐकावं लागलं होतं. मी काय समजावणार? असं काही नाही म्हणावं, तर असं काही असलेले पुरुषही तेच म्हणतात. म्हणून मी दुसरंच बोललो. पाण्याची गोष्ट सांगितली. ती पोरगी पाणी का पीत नाही, शिडीवर कशी बसली, मी कसा रागावलो, सगळं.

मंदाचा हात वाढता वाढता थांबला. ती लहानपणी आईबरोबर धानाच्या रोवणीला जायची, मूल तालुक्यातल्या एका गावात. लग्नानंतर माहेरी जाताना एसटीचा अख्खा प्रवास ती घोटभर पाण्यावर काढते हे मी पाहिलं होतं, आणि ते तिच्या स्वभावात आहे असं समजत आलो होतो.

"हे पयले काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली.

"साहेबाले सांगितलं ना. अर्ज देल्ला."

"साहेबाले काय समजते त्यातलं."

दुसऱ्या दिवशी ती कॉलनीतल्या चार बायकांना घेऊन थेट साहेबांच्या बंगल्यावर गेली, साहेबांच्या बायकोकडे. तिथे काय बोलणं झालं ते मला कधीच नीट कळलं नाही. आठवडा उलटायच्या आत खाणीच्या तोंडाशी, विश्रांतीच्या शेडला लागून, पत्र्याचा संडास उभा राहिला. दाराला आतून कडी, बाहेर पाण्याची टाकी. माझा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर असेल. त्या रविवारी मंदानं सुलोचनाला जेवायला बोलावलं, तिला वांग्याची भाजी आणि कढी खाऊ घातली, आणि दोघी मागच्या अंगणात इतका वेळ बोलत बसल्या की मी पुढच्या खोलीत एकटाच पेपर वाचत होतो.

मग नवतपा आला. त्या वर्षी तो खरोखर तपला. खाणीच्या तळाशी वारा पोचत नाही. काळा दगड सकाळपासून ऊन पिऊन घेतो आणि दुपारी ते परत देतो. आमच्या डंपरचा एसी सकाळी बंद पडला. वर्कशॉपला गाड्यांची रांग होती, मी म्हटलं, एक पाळी निघेल. उन्हाचं मला काय, जन्म गेला यात. जुन्या माणसाची ही मस्ती असते.

दुपारी आम्ही तळाशी शॉवेलसमोर उभे होतो. शॉवेलनं पहिली बकेट हौद्यात टाकली, गाडी हादरली. मी सुलोचनाला सांगत होतो की उद्या खुशालच्या पोरीचं लग्न आहे, आपल्याला लवकर निघावं लागेल. ती माझ्याकडे बघायला लागली. ते लग्न आदल्या वर्षीच होऊन गेलं होतं.

"भाऊ, पाणी प्या."

"आताच पेलो."

"नाई पेले. बाटली भरून आहे." तिनं माझं मनगट धरलं. "हात कोरडा आहे तुमचा. घाम कुठी गेला?"

"काही नाई होत मले."

"मले माहीत आहे हे. तोंडात थुंकी नाई राह्यली की मानूस असाच बोलते."

शेवटची बकेट पडली. शॉवेलवाल्यानं निघायचा हॉर्न दिला. मी गिअरकडे हात नेला आणि मला तो सापडेना. ज्या गिअरवर माझा हात झोपेतही गेला असता, तो तिथे नव्हता. ती उठून उभी राहिली होती.

"भाऊ, मले बसू द्या."

भरलेला डंपर मुख्य चढावरून वर न्यायची परवानगी तिला अजून नव्हती. तो चढ सगळ्यात अवघड. साठ टन माल पाठीवर घेऊन गाडी चढते, मधे थांबता येत नाही, थांबली तर परत उचलणं जुन्या माणसालाही जड जातं. त्या चढावर भरलेली गाडी मी उभ्या आयुष्यात कोणाच्या हाती दिली नव्हती. मला आठवतं, त्या अर्धवट शुद्धीतही मला एवढं स्वच्छ कळत होतं की मी आता जे काही ठरवीन ते या पोरीवर येणार आहे. मी सीटवरून सरकलो.

तिनं वायरलेसवर सांगितलं, "पिंपळकर भाऊले ऊन लागलं. मी गाडी वर घेऊन येऊन राह्यली. जीप वर तयार ठेवा." पलीकडून खरखर ऐकू आली. जीप खाली यायची वाट पाहायला तिथे सावली नव्हती, आणि तळातून लवकर वर जाणारं आमच्या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं. तिनं बाटली दुपट्ट्यावर रिकामी केली, तो माझ्या डोक्यावर टाकला, आणि गाडी काढली.

त्या चढाचं मला तुटक तुटक आठवतं. ओल्या सुती कापडाचा वास. काचेतून दिसणारा पांढरा रस्ता. तिचा आवाज, एकसारखा, मला विचारत राहणारा.

"मंदाबाईनं आज कायची भाजी देली?"

"वांगे."

"अन् काल?"

"वांगे."

"रोज वांगे कोन खाते भाऊ? डोळे उघडे ठेवा. परवा काय होतं?"

अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे चढ अचानक उभा होतो. नवा माणूस तिथे चुकतो, उशिरा गिअर बदलतो आणि गाडी दम टाकते. मला सांगायचं होतं की आधीच बदल. तोंडातून शब्द फुटेना. इंजिनाचा आवाज बदलल्याचं मी ऐकलं. तिनं बदलला होता, वेळेवर. मी डोळे मिटले. त्या क्षणाइतका निर्धास्त मी डंपरमध्ये कधी नव्हतो.

वर जीप उभी होती. पुढचं दवाखान्यातलं. हाताला सलाईन, खिडकीला ओलं गोणपाट, मंदा पायाशी. सुलोचना दाराबाहेरच थांबली होती, डोक्यापासून पायापर्यंत कोळशाच्या धुळीत. फरशी खराब होईल म्हणून आत येत नव्हती. मंदा उठली, तिला मनगट धरून आत आणलं, माझ्या खाटेच्या कडेवर बसवलं आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. 

दुसऱ्या दिवशी कळलं की तिचं शिकणं बंद केलं आहे. परवानगी नसताना भरलेली गाडी मुख्य चढावर आणली, हा ठपका. नियम म्हणून तो खराही होता. मला दवाखान्यातून सोडल्यावर आम्हाला सगळ्यांना साहेबांनी बोलावलं. मी सांगितलं, गाडी मी दिली, जे विचारायचं ते मला विचारा. साहेब म्हणाले, "तुम्ही शुद्धीवर होता का?" 

तेव्हा मागून खुशाल बोलला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"साहेब, मी तिच्या मागच्याच गाडीवर होतो. तिनं गाडी हलवली तेव्हा मी मनात म्हटलं, आता ही वळणावर अटकते अन् आपल्यावर येते. मी माही गाडी मागं ठेवली, दूर. ते वळण तिनं जसं घेतलं ना साहेब, तसं मले पयल्या वर्षी नव्हतं जमलं. आता काय लिहाचं ते लिहा."

तो एवढंच बोलून बाहेर गेला. नंतर त्यानं त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, आणि सुलोचनाशी तो पुढेही तिरकसच बोलत राहिला, फक्त आता थेट तिला बोलायचा, दुसऱ्यांना तिच्याबद्दल नाही. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग म्हणाले, "परीक्षाच घेऊन टाकू. पास झाली तर चालवेल, नाही तर ऑफिसात येईल."

परीक्षेच्या सकाळी नवतपा अजून सरला नव्हता, पण पहाटेचं ऊन कोवळं होतं. मला कामावर जायला डॉक्टरांची मनाई होती. मी तारेच्या कुंपणापाशी उभा राहून पाहत होतो. तिथे झाडेबुवा आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात काठी. जमीन गेल्यापासून ते या बाजूला आले नव्हते. ते खाली पाहत राहिले. खड्डा एवढा मोठा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आमची विहीर कुठीशी होती, सांगता येईन काय?" त्यांनी विचारलं.

"नाई सांगता येत, बुवा."

"असू द्या." मग काठीनं टेकडीकडे दाखवून, "यातली कोणती?"

सगळे डंपर सारखेच पिवळे, सारखेच धुळकट. मी बोट केलं. ती गाडी टेकडीवर वळली, थांबली आणि मागे सरकायला लागली. हळू, एका चालीनं.  बुवांनी माझ्या दंडाला धरलं. मागची चाकं बांधाला टेकली, गाडी किंचित झुलली आणि थांबली. मग हौदा उठला आणि माती धुरासारखी खाली गेली.

बुवा म्हणाले, "बैलगाडी हाकाले मी शिकवलं होतं तिले. उलटी घ्याले नव्हतं शिकवलं."

ते डोळे पुसत होते की धूळ काढत होते, मी पाहिलं नाही. काही गोष्टी न पाहणं ही सोबतच असते.

पुढे किती तरी वर्षं आम्ही एकाच खाणीत काम केलं, वेगवेगळ्या गाड्यांवर. रस्त्यात समोरासमोर आलो की रिकामी गाडी बाजूला थांबते आणि भरलेलीला जाऊ देते. कधी मी थांबायचो, कधी ती. काचेआडून हात वर व्हायचा. दिवसातलं आमचं बोलणं बहुतेक तेवढंच.

या नात्याला काय म्हणावं, हा प्रश्न मला लोकांनी फार विचारला. भाची आहे का? मानलेली बहीण? "मैत्रीण" म्हणावं तर आमच्या गावात अजूनही लोक भुवई उडवतात. म्हणून मी कधी कधी भाची म्हणून मोकळा व्हायचो. आता तसं म्हणत नाही. आम्ही सोबत काम केलं, एवढंच सांगतो. घाम, धूळ, ठेचा, चढ आणि वळण एकत्र पाहिलेल्या दोन माणसांत एक विश्वास तयार होतो, त्याला रक्ताचा किंवा राखीचा टेकू लागत नाही. कुणी तिच्यावर कादंबरी लिहिली तर त्यात मी मधल्या कुठल्या तरी प्रकरणात असेन, चार पानांपुरता, शेजारच्या सीटवर. ती चार पानं माझ्या आयुष्यातली चांगली पानं आहेत.

आमची खाण आता संपली. कोळसा होता तेवढा निघाला, पंप बंद झाले आणि खड्ड्यात निळं पाणी साचलं. हिवाळ्यात त्यावर बदकं उतरतात. सुलोचनाची बदली दुसऱ्या खाणीत झाली, तिथे ती नव्या लोकांना शिकवते. त्यात तीन पोरी आहेत. तिचं लग्न झालं, नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे, आणि घरात गाडीबद्दल कोणाचं खरं यावरून दोघांचं रोज वाजतं म्हणे. बुवा तिच्याकडेच राहतात.

रविवारी ती आमच्याकडे येते. या वर्षी नवतपा लागायच्या आधी मंदानं तिला बाजूला घेऊन काही तरी विचारलं. साठीला आलेल्या माझ्या बायकोला स्कूटी शिकायची होती. एवढी वर्षं तिनं मला ते सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही वरडले असते."

तेव्हापासून दर रविवारी, ऊन उतरलं की, कॉलनीच्या मैदानावर शिकवणी सुरू आहे. मी कडुलिंबाखाली उभा राहतो. पहिल्याच दिवशी मी दोन सूचना केल्या, तर सुलोचना वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही बोलू नका. त्यायचं ध्यान हालते."  ती मंदाच्या मागे धावत नाही, कॅरिअर धरत नाही. मैदानाच्या मधोमध उभी राहते आणि फक्त सांगते, पुढे पाहा, चाकाकडे नको.

काल संध्याकाळी मंदानं मैदानाला दोन चकरा मारल्या. पदर खोचलेला, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले. तिसऱ्या चकरेला ती वळली नाही. फाटकातून सरळ बाहेर रस्त्यावर गेली. मी दोन पावलं पुढे टाकली. सुलोचनानं हात आडवा केला.

"जाऊ द्या, भाऊ."

आम्ही दोघं तिथेच थांबलो. ऊन कलून मैदानाच्या विटांच्या भिंतीवर आलं होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग एक एसटी गेली, मग बराच वेळ काही नाही. मला सारखं फाटकापर्यंत जावंसं वाटत होतं. सुलोचना बांधावर बसल्यासारखी निवांत बसून चपलेतला खडा काढत होती.

मंदा परत आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. तिनं गाडी आमच्यासमोर आणून थांबवली, पाय टेकवला आणि चावी बंद केली. हँडलला एक पिशवी लटकत होती, त्यातून ताज्या सांबाराची हिरवी जुडी बाहेर डोकावत होती. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर.

"बाजारात गेली होती," ती म्हणाली. "घरचा सांबार संपला होता."